गोठ्यातल्या तिसऱ्या

मी विद्यापीठात नक्की काय करते, हे मांडवीकाठच्या आमोणे गावी आमच्या घरात कुणाला कधी नीट कळलं नाही. आई लोकांना सांगायची, "मासळेचं शिकता." ऐकणारा विचारायचा, "शिकून मगे?" त्यावर आई चहा ठेवायला आत जायची. बाबांचं उत्तर जरा भारदस्त होतं. ते म्हणायचे, "समुद्रशास्त्र." पण एवढं म्हटल्यावर पुढचं वाक्य त्यांनाही सुचत नसे.

खरं सांगायचं तर माझा समुद्र फार लहान होता. सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीखाली ठेवलेल्या काही प्लास्टिकच्या टबांत तो मावत असे. त्यात तिसऱ्या होत्या, शिंपल्यातल्या. गोव्यात घरोघरी खोबरं घालून सुक्या करतात, त्याच. मोरजीला नदी समुद्राला मिळते तिथल्या चिखलट वाळूतून उन्हाळ्यात मी त्या वेचून आणल्या होत्या. पावसाळ्यात नदीला लोंढा आला की मुखाकडचं पाणी जवळजवळ गोडं होऊन जातं. तेव्हा शिंपल्यात बसलेला हा जीव काय करतो, तोंड मिटून किती काळ तग धरतो आणि पुन्हा कशाच्या भरवशावर उघडतो, हा माझा पीएचडीचा विषय. एका टबात समुद्राचं पाणी जसंच्या तसं ठेवायचं, बाकीच्यांत खारेपणा थोडा थोडा उतरवत न्यायचा आणि निरखत बसायचं. कोण कोण ते ओळखू यावं म्हणून प्रत्येक तिसरीच्या पाठीवर मी नेलपॉलिशने आकडा घातला होता. वर्गातल्या इतर मुलींची नेलपॉलिश नखांवर संपायची, माझी अशी संपायची.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम विद्यार्थ्यांशी जितक्या तुटक बोलत, तितक्याच मायेनं प्राण्यांशी. सकाळी आल्या की आधी टबांवर वाकून विचारत, "काय गो, बऱ्या आसात मगो?" आणि मग कंबर सरळ करून माझ्याकडे बघत, "कालची नोंद अर्धीच का?" पहिल्या वर्षी मला त्याचं वाईट वाटे. नंतर लक्षात आलं, की तिसऱ्यांना शोधनिबंध लिहायचा नाही, म्हणून त्यांच्यावर राग नाही.

त्या वर्षी श्रावणात आमच्या इमारतीचं छत गळायला लागलं. पाणी भिंतीतून उतरत उतरत विजेच्या बोर्डापर्यंत पोचलं आणि एका दुपारी जळक्या वायरीचा वास सुटला. वीजवाल्या माणसाने येऊन पाहिलं, मान हलवली आणि त्या सगळ्या बाजूची वीज बंद करून टाकली. दुरुस्ती होईपर्यंत जनरेटर फक्त फ्रीझरपुरता मिळणार होता. टबांत हवा सोडणारे पंप बंद म्हणजे प्राणी गेले. मॅडमनी आम्हाला गोळा केलं आणि एका वाक्यात सांगितलं, "ज्याचे प्राणी त्यानं आपल्या घरी न्यावेत."

माझा सहकारी सावंतवाडीकडचा, विद्यापीठाजवळ खोली घेऊन राहणारा. त्याच्याकडे समुद्रकाकड्या होत्या, नावाला काकड्या, पण लिबलिबीत प्राणी. त्याच्या घरमालकाने 'काकडी' ऐकून हसत परवानगी दिली, आणि न्हाणीघराचं दार उघडून आत काय पसरलंय ते पाहिल्यावर ती परत घेतली. मी वसतिगृहात राहत होते. तिथे पाळीव प्राणी चालत नाहीत आणि मासळीही चालत नाही. तिसऱ्या ह्या दोहोंपैकी काय, हे ठरवायच्या भानगडीत न पडता वॉर्डनबाईंनी दोन्ही कारणांनी नकार दिला. मग उरलं आमोण्याचं घर.

विभागाच्या जीपमधून मी घरी उतरले ती टब, समुद्राच्या पाण्याचे कॅन, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि तिसऱ्यांच्या खाण्यासाठी शेवाळाच्या हिरव्यागार पाण्याच्या बाटल्या घेऊन. आई दारात उभी होती. श्रावण लागला की आमच्या घरी मासळीची आदोळी, म्हणजे विळी, घासूनपुसून माळ्यावर जाते ती गणपतीची चवथ होईपर्यंत खाली येत नाही. त्या काळात बाबा सुक्या बांगड्याचं नावही हळू घेतात.

"ह्यां काय गो आणलंस?" आईने विचारलं.

"तिसऱ्या."

"श्रावणात?"

"खायच्या नव्हेत, आई. अभ्यासाच्या आहेत."

"अभ्यासाच्यो झाल्यो म्हणून त्यांची भाजी होता काय?"

जीपचा ड्रायव्हर टब हातात धरून अंगणात ताटकळला होता. शेवटी बाबांनी तोडगा काढला आणि गावच्या भटजींना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे निकाल सगळ्यांनी ऐकला.

"जित्यो आसत?" भटजींनी विचारलं.

"जित्यो."

"मारतलात?"

"ना."

"शिजयतलात?"

"ना, ना."

"मगे ती जनावरां. गोठ्यात गाय आसली म्हणून कोण म्हणता काय, घरात मांस आसा? गोठ्यात ठेवा." एवढं सांगून ते जरा थांबले आणि म्हणाले, "चवथीनंतर त्यांचं काय करतलात, ता मात्र माका सांगू नकात."

गोठा रिकामाच होता. गाय विकल्याला बराच काळ झाला होता. बाबांनी तो झाडला, धुतला, गव्हाणीवर फळ्या टाकल्या आणि टब त्यावर ओळीने मांडले. बाबांनी सगळी नोकरी नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जवर केली. इंजिन सांभाळायचं त्यांचं काम. खाणी बंद पडल्या तशी बार्ज काठाला लागली आणि बाबाही घरी बसले. बसले म्हणजे बसलेच नाहीत. घरात फिरणारं जे जे काही असेल त्याच्यावर त्यांनी लक्ष ठेवायला सुरुवात केली. मिक्सर उघडला, पंखा उतरवला, शिलाई मशीनला इतकं तेल पाजलं की आईच्या ब्लाऊजला डाग पडले. त्यामुळे माझे टब आले तेव्हा आईला दुःख श्रावणाचं असलं तरी एक सुटकाही वाटली असावी. दुसऱ्या दिवसापासून बाबा गोठ्यात खुर्ची टाकून बसू लागले.

खारेपणा मोजायचं माझं एक यंत्र होतं. बोटभर लांबीची दुर्बीण म्हणावी तसं. त्याच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आत बघायचं. बाबांना ते फार आवडलं. थेंब न टाकताच ते त्यातून मांडवीकडे बघत आणि म्हणत, "कायच दिसना." मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा नदीकडेच लावलं. त्यांच्या मते डोळ्याला लावायची वस्तू लांबचं बघायलाच असते.

मधल्या एका दिवशी मला विद्यापीठात शिकवणीचे तास घ्यायला जावं लागलं. जाताना मी बाबांना बजावलं, "फक्त पंप चालू आहे का बघा. बाकी कशाला हात लावू नका." बाबांनी मान डोलावली. संध्याकाळी परत आले तेव्हा ते गोठ्याच्या दाराशीच उभे होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

"बरं झालं मी हांगा होतंय," ते म्हणाले.

"का, काय झालं?"

"त्या पयल्या टबातल्यो बिचाऱ्यो जिभा बाहेर काढून बसल्ल्यो. सगळ्योच्यो सगळ्यो. तान लागली असतली त्यांका. बावडीचं गोड पाणी घातलंय कळशीभर. प्याल्यो नि तोंडां मिटून गप न्हिदल्यो."

मी टबाशी गेले. पहिला टब म्हणजे समुद्राचं पाणी जसंच्या तसं ठेवलेला, ज्याच्याशी बाकी सगळ्यांची तुलना करायची तो. पाणी काठोकाठ आलं होतं. तिसऱ्या घट्ट मिटून पडल्या होत्या, वर माझे लाल आकडे. मी यंत्राच्या काचेवर थेंब टाकला आणि उजेडाकडे धरून पाहिलं. मग गव्हाणीच्या काठावर बसले.

"बाबा, ती जीभ नव्हे," मी म्हटलं. "त्या नळ्या असतात. एकीतून पाणी आत घ्यायचं, त्यातलं खायचं आणि दुसरीतून बाहेर सोडायचं. नळ्या बाहेर असल्या म्हणजे तिसरी सुखात आहे असं समजायचं."

बाबांनी टबाकडे पाहिलं. "म्हणजे त्यो सुखात होत्यो."

"हो."

"आणि आता?"

"आता घाबरून दार लावून बसल्यात."

खुर्ची उचलून बाबांनी भिंतीला लावून ठेवली आणि आत गेले. मला खूप राग आला होता, पण तो करावा कसा हे कळेना. तहानलेल्याला पाणी पाजलं म्हणून माणसाला बोलायचं तरी काय? बरं, मलाच लहानपणी त्यांनी सांगितलं होतं, की दारात आलेल्याला आधी पाणी विचारावं. ते तरी माझ्यापेक्षा सातत्याने वागले होते.

मी कॅनमधलं समुद्राचं पाणी घालून खारेपणा हळूहळू वर आणायचा प्रयत्न केला. काही तिसऱ्या दुसऱ्या दिवशी बिचकत उघडल्या. काही उघडल्या त्या मिटल्याच नाहीत, म्हणजे त्या गेल्या होत्या. मेलेली तिसरी किती लवकर आणि किती जोराने आपली बातमी गावभर पोचवते, हे मला प्रयोगशाळेत कधी कळलं नव्हतं. तिथे फॉर्मालिनचा वास सगळ्या वासांना पुरून उरतो. इथे श्रावणातला मोकळा वारा होता.

शेजारच्या काकी हळदीची पानं मागायला आल्या. त्यांच्या परसात स्वतःची हळद कंबरेएवढी वाढली होती, हे आम्हाला खिडकीतून दिसत होतं. काकी अंगणात उभ्या राहिल्या, एकदा इकडे वळल्या, एकदा तिकडे, आणि नाकाने हलकेच हवा घेतली.

"पातोळ्यो करूक पानां होयी होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय केलंत आज?"

"मुगांगाठी," आई म्हणाली.

"मुगांगाठीक हल्ली असलो वास येता?"

आईला अब्रूची फार काळजी. ती काही न बोलता काकींना हाताला धरून गोठ्यात घेऊन आली. मी तेव्हा मेलेल्या तिसऱ्या चिमट्याने उचलून बाजूला ठेवत होते. काकींनी टब पाहिले, पंपाचे बुडबुडे पाहिले, आणि मग वाकून एक तिसरी पाहिली.

"हो रंग कसलो गो?"

"नेलपॉलिश," मी म्हटलं.

काकी बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. मग आईकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "चलीचं लगीन जमय आता. एकटीच रवता विद्यापीठात, म्हणून असां होता."

त्या गेल्या, आणि पानं न्यायला विसरल्या. त्या दिवसापासून मात्र आमच्या अंगणात पाहुणे वाढले. कुणी वाट चुकून आलं, कुणी बाबांची तब्येत विचारायला आलं. प्रत्येकाची वाट शेवटी गोठ्यात संपायची. आईने मग एक वाक्य पाठ करून टाकलं. "भटजींक विचारून ठेवल्यात," ती सांगायची, जणू तिसऱ्यांची मुंज होती.

झालेला प्रकार मी मॅडमना फोनवर सांगितला. त्या म्हणाल्या, "उद्या येते." मी आईला सांगितलं, बाबांना सांगायचा धीर झाला नाही. आईने सांगितलं. बाबांनी सकाळी लवकर उठून दाढी केली, बार्जवर अधिकारी तपासणीला यायचे तेव्हा घालायचे तो पांढरा शर्ट घातला आणि पडवीत ताठ बसून राहिले.

मॅडम आल्या त्या थेट गोठ्यात. वाकून म्हणाल्या, "काय गो, बऱ्या आसात मगो?" नेहमीसारख्याच. मग पडवीत येऊन बाबांसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि विचारू लागल्या. पाणी कधी घातलं? एकदम ओतलं की थोडं थोडं? आधी कोणत्या मिटल्या, काठच्या की मधल्या? बाबा एकेक उत्तर देत गेले. दोन बार्जांची टक्कर झाल्यावर चौकशीत उत्तरं द्यावीत तसं, न वाढवता, न लपवता. सगळं ऐकून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "हा टब गेला. पुन्हा करावा लागेल."

"चूक माझी," बाबा म्हणाले. "तिका काय म्हणू नकात."

"मी कुणालाच काही म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "मी विद्यार्थिनी होते तेव्हा कोळंबीवर काम करत होते. महिनोन् महिने वाढवलेली कोळंबी. एका रविवारी घरच्या फ्रीजमध्ये आणून ठेवली आणि माझ्या नवऱ्याने ती तळून खाल्ली. वर म्हणाला, मीठ जरा कमी होतं. तुम्ही निदान पाणी तरी पाजलंत."

बाबा हसले नाहीत, पण ताठ बसलेली पाठ खुर्चीला टेकली. मी मात्र मॅडमकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांना नवरा आहे हेच मला पहिल्यांदा कळत होतं.

आईने जेवायला थांबवलं. मिसळीच्या भाज्यांचं खतखतें, मोड आलेल्या मुगांच्या मुगांगाठी आणि सोलकढी. मॅडम पोट भरून जेवल्या. जेवता जेवता त्यांनी आईला शिंपल्यातल्या तिसरीची पचनसंस्था समजावून सांगितली. आतडं कुठून सुरू होतं, कुठे वळतं, आणि आपण खातो तेव्हा ते आतच कसं असतं. आई ऐकत होती. त्यानंतर आमच्या घरी तिसऱ्या शिजवायच्या आधी रात्रभर पाण्यात राहू लागल्या, आणि तरीही आई स्वतःच्या ताटात दोन कमीच घेते.

पुन्हा करायचं म्हणजे नव्या तिसऱ्या हव्या, आणि त्याही मोरजीच्याच. पावसाळ्यात तिथे त्या मिळणं कठीण. बऱ्याच मेलेल्या असतात, उरलेल्या खोल रुतून बसलेल्या. चवथ झाली, पावसाने उघडीप दिली आणि मी जायचं ठरवलं. बाबा बालदी घेऊन स्कूटरशी उभे.

"तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"बालदी कोण धरतलो?"

मोरजीला पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. नदीच्या मुखाशी वाळूचा पट्टा उघडा पडला होता. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठाशी उभे राहिले. तेव्हा मला कळलं, की जन्मभर नदीवर काढलेला हा माणूस पाण्यात उतरायला कचरतो आहे. मी विचारलं तर म्हणाले, "बार्जवर पाय ओलो झालो म्हणजे कायतरी चुकलां, असां समजायचं." मग हळूच एक पाय टाकला, चिखल बोटांतून वर आला तसं तोंड वाकडं केलं, आणि दुसराही टाकला.

तिसरी शोधताना वाळूत बोटं खुपसून चाचपायचं असतं. बाबांनी मोठ्या उत्साहाने सुरुवात केली. त्यांना दगड मिळाले. रिकामे शिंपले मिळाले. एका पर्यटकाची चप्पल मिळाली, तीही उजव्या पायाची. प्रत्येक वस्तू ते माझ्यापुढे धरत आणि मी मान हलवत असे. माझ्या बालदीत हळूहळू तिसऱ्या जमत होत्या. बराच वेळ गेल्यावर त्यांचा हात वाळूत थांबला. त्यांनी तो सावकाश बाहेर काढला. तळहातावर चिखलाने माखलेली, घट्ट मिटलेली एक तिसरी होती.

"ही?"

"हीच."

ते तिला नदीच्या पाण्यात विसळत राहिले. किनाऱ्यावरून फिरायला आलेलं एक परदेशी जोडपं थांबलं होतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, काय चाललंय. बाबांनी कंबर सरळ केली. बार्जवर विदेशी जहाजांच्या खलाशांशी बोलून बोलून त्यांचं इंग्रजी तयार झालं होतं. त्यात क्रियापदं नव्हती, पण आवाज पुष्कळ होता. "रीसर्च," ते म्हणाले. मग माझ्याकडे बोट दाखवून, "डॉटर. तिसऱ्यो डॉक्टर." त्या दोघांनी आदराने मान लववली. मी अजून डॉक्टर झाले नव्हते, पण तेवढ्यासाठी मी मध्ये बोलले नाही.

त्याच दुपारी आम्ही तिसऱ्या थेट विद्यापीठात नेल्या. वीज आली होती, गोठ्यातले टबही आधीच जागेवर परत गेले होते. बाबांनी प्रयोगशाळा पहिल्यांदाच पाहिली. ट्यूबलाइटखालच्या शेवाळाच्या बाटल्या पाहिल्या, फ्रीजवरची 'खाद्यपदार्थ ठेवू नयेत' ही पाटी वाचली आणि आतला माझ्या सहकाऱ्याचा जेवणाचा डबाही पाहिला. मग ते कोपऱ्यातल्या मोठ्या पंपापाशी गेले आणि कान तिरका करून उभे राहिले.

"बेअरिंग गेल्यात हेचां," ते मॅडमना म्हणाले. "आठ दिवस काढीत, जास्ती ना."

मॅडमनी घाबरून नवा पंप मागवायचा अर्ज केला. तो टब मी पुन्हा केला, प्रबंध लिहिला, आता प्रयोगशाळेत मीच नव्या मुलांना नोंदी अर्ध्या का म्हणून ओरडते. अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे. जुना पंप चालूच आहे. मी घरी गेले की जेवायला बसल्या बसल्या बाबा विचारतात, "बंद पडलो?"

"अजून नाही," मी म्हणते.

"पडतलो," बाबा म्हणतात आणि भात कालवतात.